कोपऱ्यातला खण

८ एप्रिल, पिंप्राळा, जळगाव

मिळालं बाई एकदाचं घर. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे मोरी, आणि दाराला आतून कडी लावणारी मी एकटी. धुळ्याला सासरी माझ्या नावाचा कपाटातला एकच कप्पा होता, त्यातही सासूबाईंनी सणासुदीची भांडी कोंबली होती. नवऱ्यापासून वेगळी झाले आणि भावाकडे गेले, तर माझा संसार पलंगाखालच्या खोक्यात. आता इथे मृणालीबाईंचं राज्य. टेम्पोवाला म्हणाला, ताई, सामान थोडं आणि डबेच फार. असू देत. डब्यात डबा आणि डब्यात कप्पे, हा माझा जुना नाद आहे.

मागच्या खोलीत घरमालकीण वच्छलाबाईंची पत्र्याची पेटी आहे, चांगली दिवाणाएवढी. दारातून निघत नाही म्हणून तिथेच राहिली. वापर म्हणाल्या, फक्त कोपऱ्यातला फळीआडचा खण भरू नको. तो त्यांच्या लेकीचा, रूपाचा. ‘तो खन रूपाना शे,’ असं पारोळ्याच्या गाडीत बसताना पुन्हा बजावलं. मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातंय.

१० एप्रिल

मी पाइपच्या कारखान्यात माल तपासते. तिथून पीव्हीसी शीटच्या टाकाऊ पट्ट्या आणल्या, वीतभर उंचीच्या. खाचा पाडून एकमेकींत अडकवल्या आणि पेटीत झकास खण पाडले. एकात चादरी, एकात स्वेटर, एकात कुरडया-पापडांचे डबे, एकात वायरी, चार्जर आणि हातोडी. कोपऱ्यातल्या खणात घडी घातलेला हिरवा ब्लाउजपीस तेवढा होता. तो माळ्यावर टाकला आणि तिथे आईची गोधडी ठेवली. अगदी मापात बसली. रिकामी जागा मला बघवतच नाही.

१२ एप्रिल

कामावरून आले तर गोधडी जमिनीवर, तीही माझ्यापेक्षा नीट घडी घालून. ब्लाउजपीस परत कोपऱ्यात. कुणाकडे तरी दुसरी किल्ली असणार. वच्छलाबाईंना फोन लावला, तर त्या पारोळ्याहून हललेल्याच नव्हत्या. खण भरला का, एवढंच विचारलं आणि फोन ठेवला. मी नवं कुलूप आणलं आणि गोधडी पुन्हा कोंबली. माझ्या घरात माझंच चालणार.

१४ एप्रिल

जयंतीच्या मिरवणुकीतून दुपारी घरी आले. कुलूप जसंच्या तसं, आणि पेटीतले दोन खण रिकामे. स्वेटर भिंतीशी रचलेले.

शेजारच्या पंडितनानांना विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, इकडे लेकी माहेरी येतात. रूपाला सासरचे धाडेनात, तरी ती भांडून आली. इथे तेव्हा नुकतीच सून आलेली, घर पाहुण्यांनी भरलेलं. वच्छलाबाईंनी दारातूनच सांगितलं, यंदा जागा नाही, पुढच्या वर्षी ये. रूपा वळली ती थेट रुळांवर गेली. तेव्हापासून आई तिच्यासाठी खण रिकामा ठेवते. नाना म्हणाले, पोरी, आखाजी होईपर्यंत भावाकडे जा.

मला रूपासाठी रडू आलं. ‘जागा नाही’ हे मीसुद्धा ऐकलंय, सख्ख्या भावाच्या तोंडून. पण म्हणून दर वेळी मीच का उठायचं? भूतबित मी मानत नाही. असलंच, तर त्यालाही हेच विचारीन.

१६ एप्रिल

तडजोड केली. कोपऱ्यातल्या खणात मधोमध पट्टी घातली आणि मोठ्यानं सांगितलं, रूपाताई, अर्धा तुझा, अर्धा माझा. संध्याकाळी पाहिलं तर पट्टी सरकलेली. माझ्या बाजूला बोटभर फट. त्या फटीत गोधडीचं टोक दाबून बसवलेलं, बाकी गोधडी बाहेर लोंबतेय.

गोधडी ओढून काढली आणि पेटीचं झाकण आपटलं. रागानं. रागानंच.

१७ एप्रिल

पेटीतल्या सगळ्या पट्ट्या गेल्या. आत फक्त तो ब्लाउजपीस. माझं सामान मागच्या भिंतीशी लावून ठेवलंय. आणि दोन खोल्यांच्या मधल्या दारात, फरशीवर, एक पट्टी उभी. कडेवर. कशाचाही टेकू नाही. मी लाथ मारून पाडली.

भावाचा फोन आला. सांगितलं थोडंसं. परत ये म्हणाला, तुझं खोकं सरकवतो पलंगाखाली. मी फोन ठेवून दिला.

१८ एप्रिल

पट्टी पुन्हा उभी. मोरीच्या बाजूलाही एक. आज लाथेनं पडली नाही – फरशीतून उगवल्यासारखी घट्ट. ओलांडून कामाला गेले. भीती वाटतेय, का खोटं बोलू. तरी परत आले. नाकावर टिच्चून आले.

१९ एप्रिल, आखाजी

भर दुपार. गल्लीत पोरी झोक्यावर गाणी म्हणतायत. मी मागच्या खोलीत. चारी बाजूंनी पट्ट्या – काल वीतभर होत्या, आता कमरेला लागतात. आत मी, माझे डबे, गोधडी.

ओलांडायला पाय टाकला – पाय आतच. पुन्हा टाकला – आतच. नानांना हाका मारल्या. गाण्यांत ऐकू जात नाही.

पुढचं दार उघडलं. कडी मी लावली होती. बांगड्या वाजल्या –

रूपाताई, तुला दारातून फिरवलं ती मी नव्हे. घे पेटी. पुढची खोली घे. मला फक्त –

फक्त एक खण. तोच दिलाय तिनं. घर तिचं, आणि माझ्या नावाचा एक खण. धुळ्यासारखाच.

पट्ट्या खांद्याला लागल्या. डबे दाटीनं अंगाला – मापात बसवतेय मला. वरून अंधारतंय. पत्र्याचा वास –

नाही. आता नाही उठणार. ऐकतेस ना, ही जागा माझी आहे, मी इथून हल –