उठवायची ओळ

५ ऑगस्ट
आज डोंबिवलीला रतनमावशीकडे राहायला आले. मावशी आईची चुलतबहीण. तिची श्रिया माझ्याच वर्गात, ठाण्याच्या कॉलेजात. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या. खिडकीकडची मला दिली. मला घरची, संगमेश्वरची आठवण येऊ नये म्हणून मावशीने नारळाच्या वड्या केलेल्या. मस्त वाटतंय.

१९ ऑगस्ट
जगन सरांनी सगळ्यांना एक चिमुकली ऑपरेटिंग सिस्टिम दिलीय. तिचा गाभा, म्हणजे कर्नल, उघडायचा, बदलायचा, पुन्हा बिल्ड करायचा, म्हणजे नव्याने बांधून चालवायचा. मी पाच वेळा केला, पाचही वेळा स्क्रीन काळी. श्रियाचा पहिल्या फटक्यात चालू. शीळफाट्यापर्यंत बसमध्ये ती मला समजावत होती. मी हो हो करत बाहेर बघत बसलेले.

२ सप्टेंबर
सर वर्गात म्हणाले, श्रियासारखं लिहा. कंपनीवाल्यांसमोर डेमोला एकच जण जाणार. तीच. मावशी म्हणाली, अगं, तिला विचार ना, शिकवेल. चांगल्या मनाने म्हणाली. तरी मी वही मिटून खिडकीकडे तोंड केलं.

६ सप्टेंबर
श्रिया आंघोळीला गेलेली, लॅपटॉप उघडाच. काम नसलं की कर्नल प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रॅमला, झोपवतो, काम आलं की उठवतो. ती उठवायची ओळ मी काढली. एकच ओळ. बिल्ड करून चालवून पाहिलं. तिने चाचणीच्या प्रोसेसला स्वतःचंच नाव दिलेलं. 'श्रिया' झोपली. उठली नाही.
बरं वाटलं.

७ सप्टेंबर
श्रिया सकाळी उठलीच नाही. श्वास चालू आहे. मावशी हाका मारून दमली. हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणतात, रिपोर्ट सगळे नॉर्मल.

९ सप्टेंबर
असं होत नसतं. योगायोग आहे.
ओळ परत घालायला दोन मिनिटं लागतील. पण तिच्या कोडची जुनी प्रत माझ्याकडे आहे म्हणून सरांनी डेमोला माझं नाव टाकलंय, अकरा तारखेला. ती उठली तर—
डेमो होऊ दे.

११ सप्टेंबर
टाळ्या वाजल्या. घरी येऊन ओळ घातली, बिल्ड केलं. 'श्रिया' चालू. तेवढ्यात मावशीचा फोन. रडतच सांगत होती, उठली गं. उठल्या उठल्या लॅपटॉप मागितला म्हणे.

१२ सप्टेंबर, दुपार
लॅपटॉप मीच हॉस्पिटलात नेऊन दिला. श्रियाने तो लगेच मांडीवर उघडला. मावशी चहा आणायला गेली, तेव्हा हळूच म्हणाली, "उत्तरा, तुझ्या नावाच्या स्पेलिंगमध्ये टी एक की दोन?"
दोन, म्हटलं. का, ते विचारवलं नाही.
ती टाइप करतेय. मी बाकावर बसून हे लिहितेय— तिने एक ओळ काढली. मला दिसलं.
म्हटलं, श्रिया, चुकलं माझं. ती म्हणाली, डेमो छान झाला म्हणे.
बिल्ड लावलंय—
पेन जड झालंय. मावशी येईपर्यंत जागं राहायचं— मावशीला सांगायचं, ती ओळ—
डोळे