भेगेवरच्या काचा

नागपूर, ५ मार्च २०२५

ती. बकुळाआत्यास,
पूर्वीचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि गुणाजीकाकांकडे दिलेल्या निरोपाचं वाटोळं होतं, म्हणून हे पत्र. साइटवर पाय मोडून घेतलाय. दीड महिना प्लास्टर. हसू नकोस, इंजिनियरच पायरी चुकली!

खरी काळजी तुमच्या चाळीची. खालच्या दुकानदाराने मधली भिंत काढली, गुणाजीकाकांनी सेक्रेटरी म्हणून परवानगी देऊन टाकली, कोणा इंजिनियरला विचारलंसुद्धा नाही. भेगा तेव्हापासूनच्या. मागच्या महिन्यात तुझ्या खोलीत आणि जिन्यात त्यांच्यावर मी काचेच्या सहा पट्ट्या चिकटवल्या. मला आता यायला जमणार नाही, तेव्हा दर रविवारी तूच त्या बघ आणि कळव. शाबूत राहिल्या तर घरं रिकामी न करता दुरुस्ती होईल, असं सहीनिशी लिहून देईन. बाकी तांत्रिक गोष्टींचा तुझ्या डोक्याला ताप नको.

माया आहे तशीच असू दे.
तुझी पूर्वी

लालबाग, १६ मार्च

चि. पूर्वीस,
अनेक आशीर्वाद.

धडपडी ती धडपडीच राहिलीस गो! दूध पी आणि गप पडून राहा.

आज काचा बघितल्या. सहाच्या सहा लखलखीत. गुणाजीने फोटो धाडलेत. दिवसातून तीनदा येऊन विचारतो, बाय सही कधी करणार. माणसं धास्तावलीत गो. समोरच्या चाळीतल्यांना दोन वर्षांसाठी म्हणून संक्रमण शिबिरात नेलं, त्याला सतरा वर्षं झाली. इथून हललो की संपलो, असं जो तो म्हणतो. माझं दार जरा अडकतं, पण सुतार रंधा मारून गेला.

लवकर बरी हो, आमच्यावर लोभ ठेव.
तुझी आत्या

लालबाग, २८ मार्च

चि. पूर्वीस,
भरभरून आशीर्वाद.

तुझं सर्टिफिकेट मिळालं. गुणाजीने पेढे वाटले. तुझी सही बघून मला रडूच आलं.

आता एक सांगते, रागावू नकोस. तुझ्या काचा भारी नाजूक. पहिल्याच आठवड्यात दोन तडकल्या. म्हटलं, माझाच झाडू लागला असेल. पोर विश्वासाने सोपवून गेली आणि मी फोडून ठेवल्या, लाज वाटली. फ्रेमवाल्या धनेशकडून तश्शाच कापून आणल्या आणि बसवल्या. आतापर्यंत अकरा बदलल्या. जिन्यातली तर चार दिवस टिकत नाही. पुढच्या वेळी जाड काच आण हो.

आठवण ठेव.
तुझी आत्या

नागपूर, १ एप्रिल

ती. आत्या,

सीमाताईला पत्राचा फोटो पाठवलाय, ती छापून तुझ्या हातात देईल. तिच्याबरोबर अंगावरच्या कपड्यानिशी शीव कोळीवाड्याला तिच्या घरी निघ.

काच तडकली म्हणजे भेग रुंदावतेय, चाळ हलतेय. तडकण्यासाठीच ती लावली होती. हे मी तुला सांगितलं नाही. फोटोंवर भरवसा ठेवून सही केली. सही माझी, तेव्हा जबाबदारीही माझीच. सर्टिफिकेट मागे घेतलं, पालिकेला कळवलं, तुझं पत्रही पाठवलं. गुणाजीकाका फोनवर म्हणाले, काचा डोळ्यांसमोर शाबूत आहेत, तुझे कोणीतरी कान भरलेत. माझं लायसन्स गेलं तर जाऊ दे. पालिकेची माणसं येतील, त्यांना खरं काय ते सांग. तुझ्या पाया पडते.

पूर्वी

लालबाग, ३ एप्रिल

चि. पूर्वीस,
आशीर्वाद.

सीमा आली, तिला चहा पाजलाय, आता एकटीच परत धाडतेय. हे पत्र तिच्याच हाती देतेय.

दुपारी पालिकेची माणसं आली. चाळ रिकामी करा म्हणाली. सगळी जिन्यात जमली. शेजारची प्रिती तान्हं पोर घेऊन उभी होती, कुठे जाईल ती? साहेबांनी माझं पत्र दाखवून विचारलं, आजी, काचा बदलल्यात का? सगळे माझ्याकडे बघत होते. मला तुझा बाप आठवला. गिरणी सुटल्यावर हातगाडी ओढून त्याने तुला शिकवलं. ते लायसन्स मी घालवू? म्हटलं, साहेब, म्हातारं माणूस काहीबाही लिहितं. एकही काच बदललेली नाही.

धनेशही गप्प राहिला. साहेब म्हणाले, सोमवारी मशीन आणून तपासतो, मग बघू. गुणाजी माझ्या पाया पडला.

तुझ्या नावाला बट्टा लागला नाही, आता तू निर्धास्त राहा. सकाळपासून दार पुन्हा अडकलंय, सुतार उद्या येईल. सोमवारपर्यंत कोणी कुठे जात नाही. आम्ही सगळे घरीच आहोत.

पायाला जप.
तुझी आत्या