डॉक्टर उपटे खुर्चीत बसतात

शिरपूर तालुका, आपलं गाव
मंगळवार, दुपारचं जेवण उरकल्यावर

प्रिय मित्र पितांबर यास,

हिलालचा रामराम. आमच्याकडे सगळे खुशाल आहेत. गेल्या आठवड्यापर्यंत नव्हते, आता आहेत, आणि ते कसे झाले हेच सांगायला बसलोय. तुझी तब्येत कशी आहे? मागच्या फोनवर तू म्हणालास की पोट बरं नाही म्हणून यंदा शेतावर वांग्याच्या भरिताला येणार नाही. (तू पोट म्हणतोस, म्हणून मीही पोटच लिहितो.) तुझ्या सुनेला, दिपमालाला, आशीर्वाद सांग. बिचारी तुझ्यासारख्या माणसाचं करते, तिला माझ्याकडून दोन आशीर्वाद जास्त दे. हे पत्र आमच्या नवलच्या हाती पाठवतोय. त्याचं जळगावला काम निघालंय आणि तिथून तुझं असोदा फार लांब नाही. फोनवर का नाही सांगितलं, असं विचारशील, तर फोनवर तू मधे मधे बोलतोस. चोवीस वर्षं तू एसटीच्या स्टिअरिंगवर आणि मी मागे तिकिटांत, तेव्हाही तुझी हीच खोड होती.

तर आमची सून, नवलची बायको रूपा, दातांची डॉक्टर आहे, हे तुला ठाऊक आहे. लग्नात तू तिच्यासमोर तोंडावर रुमाल धरून आशीर्वाद दिला होतास. गेल्या वर्षी तिने आपल्या घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना उघडला. खुर्ची अशी आणली की बटण दाबलं की आपोआप मागे कलते. पाटी लावली, पेढे वाटले, आणि मग चार महिन्यांत एकूण सात माणसं आली. त्यातली तिघं पत्ता विचारायला, दोघं मोबाइल चार्ज करायला, एक जण गुडघा दाखवायला. सातवा मी, पण मी चहा घेऊन गेलो होतो. रूपा दिवसभर पांढरा कोट घालून बसायची आणि संध्याकाळी तो घडी करून ठेवायची. शेवटी एक दिवस तिने नवलला सांगितलं की होळीपर्यंत बघू, नाहीतर नाशिकला एका मोठ्या दवाखान्यात नोकरी मिळतेय. नवलची नोकरी तर काय, लॅपटॉप उघडेल तिथे चालते. म्हणजे तो जाणार, रूपा जाणार, आणि माझ्या मांडीवर बसून माझ्याच मिशा ओढणारी नातही जाणार. पितांबर, हे ऐकलं आणि घर आत्ताच खायला उठल्यासारखं झालं. त्या दिवशी मी दोनदा जेवलो, कारण पहिल्यांदा जेवल्याचं लक्षातच राहिलं नाही.

आता लोक का येत नाहीत याचा शोध रूपाने लावला. ती घरोघर गेली, शाळेत गेली, पोरांची तोंडं बघू म्हणाली. पोरं बाकाखाली. बाया पदराआड. आणि जो तो एकच सांगायचा, की मॅडम, नानांनी पितांबरभाऊच्या छातीवर पाय दिलेला आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिलाय. संध्याकाळी मला भाकरी वाढता वाढता तिने अगदी शांतपणे विचारलं, "नाना, ते डॉक्टर उपटे कोण?"

मी भाकरी ताटात ठेवून दिली. एकतीस वर्षं, पितांबर! एकतीस वर्षं आपण दर यात्रेला 'डॉक्टर उपटे' हा फार्स केला. मी डॉक्टर, तू पेशंट. लोहाराची सांडशी, न्हाव्याचा पांढरा अंगरखा, मुळ्याचा कोरलेला वीतभर दात. मी तुझ्या छातीवर पाय द्यायचो, दाताला दोर बांधायचो आणि तू आरोळी ठोकायचास, "ओ माय वं, मरी गऊ!" ती तापीच्या पुलापर्यंत जायची. (एका वर्षी दोराचं दुसरं टोक खऱ्या बैलाला बांधायची कल्पना तुझीच होती, हे मी अजूनही पंचांसमोर सांगायला तयार आहे. बैल पडदा, कंदील आणि सरपंचांचा फेटा घेऊन गेला.) सारं गाव पोट धरून हसायचं. पण हसता हसता तीन पिढ्यांनी मनाशी काय पक्कं केलं, ते आपल्याला कधी कळलंच नाही. आपण एकटेच गुन्हेगार आहोत असंही नाही म्हणा. सिनेमात बघ, हृदयाचा डॉक्टर आला की मागे सारंगी वाजते आणि दाताचा आला की पिपाणी. जाहिरातीतला दाताचा डॉक्टर नुसता हसतो, कोणाच्या तोंडात बोट घालताना काही दिसत नाही. पण सिनेमावाले नाशिकला जाणाऱ्या सुनेचे सासरे नाहीत. मी आहे.

मग मी ठरवलं की ज्याने बिघडवलं त्यानेच निस्तरायचं. माझी खालची उजवी दाढ दोन वर्षं ठणकत होती. (कोणाला बोललो नव्हतो. लवंग दाबून झोपायचो आणि भाकरी दुधात कुस्करून खायचो, वयाचं निमित्त सांगून.) रूपाने ती पाहिली, तिच्या पेनाएवढ्या कॅमेऱ्याने तोंडाच्या आतला सगळा मुलूख टीव्हीवर दाखवला, आणि दाढ वाचण्यापलीकडे गेलीय, काढावी लागेल म्हणाली. मी म्हटलं, काढ, पण गावासमोर काढ. तिला ते पसंत नव्हतं. तरी मी पारावर जाऊन सांगून आलो की गुरुवारी अकरा वाजता डॉक्टर उपटे स्वतःचा दात काढून घेणार, ज्याला बघायचं त्याने ओट्यावर यावं.

आलं की रे गाव! यात्रेला येतं तसं आलं. बोरं आणली, शेंगा आणल्या, पोरं खिडकीच्या गजांना लटकली. शेजारच्या कुंदाबाईने गुडघे दुखतात म्हणून घरून खुर्ची आणली आणि दारातच मांडली. मी धोतर सावरून, सगळ्यांना हात दाखवून आत गेलो, खुर्चीवर बसलो. रूपाने बटण दाबलं. खुर्ची घुर्र करत मागे कलली, माझे पाय वर, डोकं खाली, डोळ्यांवर दिवा. मान वळवली तर ताटलीत चिमटा. अगदी आपल्या सांडशीचं बाळ. आणि पितांबर, एकतीस वर्षं ज्या जागी मी तुला झोपवलं त्या जागी स्वतः पडल्यावर माझ्या तोंडून जी आरोळी सुटली, ती माझी नव्हती. तुझी होती. तोच सूर, तीच लांबी, "ओ माय वं, मरी गऊ!"

रूपा म्हणाली, "नाना, मी अजून हातमोजे घालतेय."

पण ऐकायला होतं कोण? ओट्यावर नुसत्या चपला आणि शेंगांची टरफलं. खिडकीतली पोरं कशी उतरली ते त्यांनाही सांगता येणार नाही. मी डोळे मिटले. मनात म्हटलं, हिलाल, तूच सुनेचं सामान बांधून दिलंस. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते दाताचं नव्हतं.

मात्र एक माणूस पळालं नव्हतं. कुंदाबाई. तिला पळायचं होतं, पण गुडघ्याने ऐन वेळी दगा दिला. रूपाने तिला आधार देऊन आत घेतलं, माझ्या शेजारी बसवलं आणि म्हणाली की नानांचा हात धरा. मग तिने हिरडीला काहीतरी गार मलम लावलं, ते चढल्यावर सुई दिली. सुई कधी शिरली ते कळलं नाही, मुंगीसुद्धा जास्त चावते. अर्धं तोंड दुसऱ्या कोणाचं तरी असल्यासारखं झालं. मला आ करायला लावून रूपा बोलत राहिली, बहुतेक माझं लक्ष उडवायला. म्हणाली, आता लहान मुलांची किडलेली दाढ पुष्कळदा न कोरता नुसतं औषध लावूनही थोपवता येते. दाताचं माप घ्यायला पूर्वी तोंडात लगदा कोंबायचे, आता त्या कॅमेऱ्यानेच भागतं. आणि पडलेल्या जागी नवा दात उगवावा म्हणून परदेशात एक औषध शोधलंय, ते माणसांना देऊन बघायलाही सुरुवात झालीय. त्यापुढे ती बरंच काही म्हणाली, पण नेमकी तेव्हाच कुंदाबाई खोकली. मी तोंडातल्या बोळ्यातून कसंबसं विचारलं की बाई, तू सुरुवात कधी करणार? तर रूपाने ताटली माझ्यापुढे धरली. त्यात दाढ!

कुंदाबाई ताटलीकडे बघते, माझ्याकडे बघते, परत ताटलीकडे. "व्हई गयं?" ती म्हणाली. "इतलंच?"

ती लंगडत लंगडत घरी गेली, पण बातमी पळत गेली. "नानाना दात काढी लिधा, नि नानाले पत्ताच नही!" असं तिने नळावर, गिरणीवर, भजनात, जिथे चार डोकी दिसतील तिथे सांगितलं. शुक्रवारी सकाळी मी दार उघडलं तर ओट्यावर अठरा बाया. पहिली कुंदाबाई स्वतः, चाळीस वर्षं मिसरी घासून काळ्या केलेल्या हिरड्या घेऊन. (रूपाने मिसरी बंद करायला लावलीय. कुंदाबाई आता रूपाची दुश्मन आहे आणि रोज येते.)

घोळ एवढाच झाला की नव्या दाताच्या औषधाचं मी पारावर आधीच सांगून बसलो होतो, आणि तेही कुंदाबाईच्या खोकल्यापर्यंतचंच. परिणाम असा की ब्याऐंशी वर्षांची भिकुबाई, जिच्या तोंडात आता जीभ सोडली तर काही नाही, ती पिशवी घेऊन हजर. "माले बठ्ठा दात नवा पाह्यजेत," म्हणाली, सगळेच्या सगळे, आणि पेरणीच्या आधी उगवले तर बरं. रूपाने तिला अर्धा तास समजावलं की ते औषध अजून तपासलं जातंय, मुळात ते बाधत नाही ना एवढंच आधी बघतात, मिळायला कितीतरी वर्षं लागतील. भिकुबाई म्हणाली, हरकत नही, मी थांबसू. आता तिच्यासाठी कवळी होतेय आणि मला ओट्यावर बसायची परवानगी आहे, पण वैद्यकीय विषयावर बोलायची नाही.

तर असं सगळं आनंदात आहे. रूपा संध्याकाळी कोट घडी करत नाही, थेट धुवायला टाकते. त्या कोटावर डाग बघून कोणाला एवढा आनंद झाला नसेल जेवढा मला होतो. फक्त गडीमाणसं अजून येत नाहीत. पारावर बसून गाल धरतात आणि म्हणतात, नाना नट आहेत, त्यांचं काय खरं. छातीवर पाय पडला तो पितांबरभाऊच्या, तो खुर्चीत बसला तर आम्हीही बसू. आणि रूपा अजून होळीचं नाव काढते.

घरातल्या सर्वांना यथायोग्य. पोटाला जप.

तुझा,
हिलाल
(डॉक्टर उपटे, निवृत्त)

ता. क. सुई कळली नाही असं वर लिहिलंय ते खरं आहे. पण कुंदाबाई भेटली तर ती हाताला बांधलेली पट्टी दाखवेल. मी तिचा हात नुसता धरला होता असं माझं म्हणणं आहे.

ता. क. यंदाच्या यात्रेला फार्सचा शेवट बदलतोय. पेशंट आरोळी ठोकायला तोंड उघडतो आणि डॉक्टर म्हणतो, झालं, उठा. पेशंट मात्र तूच. तुझ्यासारखं तोंड उघडणारा दुसरा मिळायचा नाही.

ता. क. पितांबर, पोट पुरे झालं. दिपमालाने रूपाला फोन केला होता. खालची डावी बाजू, चार महिने, गाल सुजलेला, वरणभात गिळतोस आणि म्हणतोस की एकतीस वर्षं पेशंट होतो, ते काय करतात मला माहीत आहे. तुला काहीही माहीत नाही, कारण ते तुला मीच शिकवलं. शेतात कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीवर वांगी भाजायला घेतो आणि पहिल्या घासाला तुझी आठवण येते. तू नसलास की ते भरीत मला गोड लागत नाही, हे सरळच सांगतो.

ता. क. नवलचं जळगावला काहीही काम नाही. तो तुझ्या दारात गाडी चालू ठेवून उभा आहे. दिपमालाने पिशवी भरलीय, दाराच्या मागे बघ. रूपाने उद्या अकराची वेळ तुझ्या नावावर धरलीय आणि पारावरची सगळी मंडळी ओट्यावर येणार आहेत, तेवढी आरोळी यात्रेसाठी राखून ठेव. चोवीस वर्षांत माझ्या डबल बेलशिवाय तू गाडी हलवली नाहीस, आणि बेल दिल्यावर कधी थांबलाही नाहीस. ही घे, इथून दिली. चल.