खाली उभी असलेली बाई

तर त्या वेळी मी आपल्या घराच्या उत्तरेकडच्या वळचणीखाली दोरीला लोंबकळत होतो आणि पायांखालून ओढा वाहत होता. डाव्या पायातला गमबूट आधीच पुढे गेला होता. दोरी भक्कम होती, पट्टे भक्कम होते, गाठ बाबांनी शिकवलेलीच होती. फक्त दोरी चार हात जास्त लांब होती. एवढं आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

ती. आक्कास शिगेचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? तिकडे शिझुओकात चहाच्या मळ्यांवर ऊन पडलं असेल. इकडे अंगणातला बर्फ कालपर्यंत छातीला होता, आज हनुवटीला आहे. मी ठीक आहे. खोकला नाही, भूक आहे. संत्र्यांची पेटी पोचली. वरची चार मी खाल्ली, दोन देवघरात फुसाएच्या फोटोपुढे ठेवली. (ती तुझी संत्री आंबट म्हणायची, आणि शेवटचं तीच संपवायची.)

तुझं कार्ड मिळालं. नाओतोने तुला फोन करून विचारलं की बाबांच्या घरी लाल रुमालवाली बाई कोण आहे, आणि तू मला तेच विचारतेस, फक्त जास्त सभ्य शब्दांत. "घरात कुणाची सोबत असते का" असं तू लिहिलंस आणि खाली तीन ओळी कोऱ्या सोडल्यास. त्या तीन ओळींत बसण्यासारखं हे नाही, म्हणून पत्र.

नाओतोची अट तुला ठाऊक आहे. छपरावर एकट्याने चढायचं नाही. एकदा जरी चढलात, तर सायतामाला माझ्याकडे यायचं आणि घर बंद करायचं. मुलगा चुकीचं बोलत नाही. वस्तीचा नियमही तोच आहे: एक वर, एक खाली. येत्या रविवारी तो येतो आहे, आणि मला न्यायचं की ठेवायचं हे आत्या म्हणेल तसं करीन, असं त्याने मला सांगितलं आहे. म्हणजे हे पत्र मी बहिणीला लिहितो आहे की न्यायाधीशाला, हे माझं मलाच नीट कळत नाही.

तो "बर्फ काढता" असं म्हणतो, जणू दुधावरची साय आहे. (सायतामात बोटभर पडला की आगगाड्या थांबतात.) आपल्याकडे बर्फ काढत नाहीत, घर खणतात, हे तुला सांगायला नको. माडीच्या खिडकीतून शाळेला निघताना तू दप्तरावर बसून छपरावरून घसरली होतीस, आणि भूगोलाचं पुस्तक एप्रिलात सापडलं होतं. तेव्हा बाबा वर असायचे आणि आई खाली. आईला काही काम नाही असं मला वाटायचं, कारण ती नुसती उभी राहून बोलायची. मुळ्याचं लोणचं यंदा खारट झालं, शिगेचे मोजे पुन्हा फाटले, मामाकडून पत्र नाही. बाबा वरून हं म्हणायचे. हं आलं नाही की फावडं घेऊन धावायचं, एवढंच ते काम होतं, हे मला लग्नानंतर कळलं. फुसाएने ते एकेचाळीस वर्षं केलं. पहिल्याच हिवाळ्यात तिने ठरवलं की हं माणूस झोपेतही म्हणू शकतो, तेव्हा ती प्रश्न विचारायची, आणि उत्तर पूर्ण वाक्यात लागायचं. संध्याकाळी काय खाणार. मला त्या जत्रेत कुठल्या रंगाची छत्री आवडली होती. नाही आठवलं की ती खालून बर्फाचा गोळा मारायची. मी पत्र्याजवळ पोचलो की म्हणायची, "पुरे, तेवढं राहू द्या." वीतभर बर्फ छपरावर ठेवायचा असतो, नाहीतर फावड्याने पत्रा सोलवटतो. ती पत्रा वाचवते आहे अशी माझी समजूत होती.

ती मार्चात गेली. डिसेंबरात मी पहिल्यांदा चढलो तेव्हा खाली कुणी नव्हतं. (हे वाक्य नाओतोला वाचून दाखवू नकोस.) दुसऱ्या वेळी रेडिओ लावून ठेवला. रेडिओ भरपूर बोलतो, पण उत्तराची वाट पाहत नाही. तिसऱ्या वेळी मी बुजगावणं केलं. बांबू, भाताचा पेंढा, फुसाएचा शेतावरचा कोट आणि तिचा लाल रुमाल. ते मी माझ्यासाठी नाही, ओगातासाठी केलं. ओगाता सध्या वस्तीचा प्रमुख आहे. तोच, ज्याने तुला शाळेत पत्र दिलं होतं आणि तू शुद्धलेखन तपासून परत केलं होतंस. तो रोज सकाळी छोट्या गाडीतून फिरतो आणि कोण म्हातारा एकटा छपरावर आहे ते वहीत लिहितो. त्या दिवशी तो आला, उतरला, टोपी काढून वाकला. बाई वाकली नाही. तो आणखी खाली वाकला. मी वरून सगळं पाहत होतो, पण सांगणार काय? त्याने माझं नाव वहीत लिहिलं नाही. नाओतोला मात्र फोनवर म्हणाला, "वडलांची काळजी नको. एक बाई असतात. उंच आहेत. जरा गर्विष्ठ वाटल्या."

ही ती बाई.

आता मिठाचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. नाओतोने महिन्यापूर्वी बर्फ वितळवायच्या मिठाची तीन पोती पाठवली. शिंपडा आणि घरात बसा, असं वर चिठ्ठी लावून. मी ती जिन्याखाली ठेवली, आणि बूट घालताना मधल्यावर बसतो. आपल्या अंगणाचं पाणी ओढ्यात जातं, ओढा शेजारच्या कियोवहिनींच्या तळ्यात, आणि तळ्यात बर्फाखाली त्यांचे एकोणीस रंगीत मासे हिवाळाभर निजलेले असतात. (प्रत्येकाला नाव आहे. सर्वांत जाड्याचं नाव त्यांच्या कैलासवासी नवऱ्याचं.) वाटेवर मी आईसारखं भाताचं जळकं तूस टाकतो. काळं तूस ऊन धरतं, चार दिवसांत वाट उघडते आणि वसंतात तेच मुळ्यांना खत होतं. पण वहिनींनी गाडीतून पोती उतरताना पाहिली आणि त्या दिवसापासून बोलणं बंद केलं. मीही समजूत घालायला गेलो नाही. आपल्या घरात ते काम फुसाएचं होतं.

तर आज सकाळी मी उत्तरेची बाजू खणत होतो. कोपऱ्यापर्यंत पोचावं, पुन्हा गाठ बांधावी लागू नये, म्हणून दोरी चार हात सैल ठेवली. खणत खणत पत्र्यापर्यंत गेलो. पुरे म्हणायला कुणी नव्हतं. पत्रा उघडा पडला, पाय सुटला, आणि उरलेल्या बर्फाबरोबर मीही निघालो. बर्फ ओढ्यात गेला. मी वळचणीखाली थांबलो. पाय खिडकीवरच्या फळ्यांना जेमतेम टेकत होते. बुजगावणं माझ्याकडे पाठ करून उभं होतं.

पाव तासाने कियोवहिनी फाटकातून आल्या. माझ्यासाठी नाही, तर बुजगावण्याशी भांडायला. स्वयंपाकघरातून त्यांना ती लाल रुमालवाली बाई दिसत होती आणि आठवडाभर त्यांनी धीर धरला होता. जवळ येऊन त्यांनी बुजगावण्याचं तोंड पाहिलं, मग वर पाहिलं.

"भावोजी, तिथे काय करताय?"

"घर खणतोय."

"आणि हे?"

"ओगातासाठी आहे."

"फुसाएचा रुमाल आहे तो."

"हो."

त्यांनी रुमालावरचा बर्फ झटकला. मग म्हणाल्या, "मीठ टाकलंत?"

"नाही."

"मूठभरसुद्धा?"

"तिन्ही पोती जिन्याखाली आहेत, वहिनी."

"बघून येते," असं म्हणून त्या खरोखरच घरात गेल्या. आक्का, मी तसाच. आत त्यांनी बूट काढून नीट लावून ठेवल्याचा आवाजही मी ऐकला.

"शिवण शाबूत आहे," त्या परत येऊन म्हणाल्या. "मधलं चेपलंय."

"त्यावर बसतो मी."

"मग सांगायला तोंड नव्हतं का? महिनाभर मी माशांच्या चिंतेत."

"आत्ता सांगतोय की."

"आत्ता काय. लटकलेला माणूस खरं तेच बोलतो."

मग त्यांनी ओढ्यावर आपल्या कोठीचं दार उचकटून आडवं टाकलं, मोठं ढकलायचं फावडं आणलं आणि माझ्या पायांखाली बर्फ रचायला लागल्या. जन्मभर बर्फ दूर ढकलणारी बाई, वय चौऱ्याहत्तर, आज तो गोळा करत होती. मी म्हटलं, ओगाताला बोलवा. त्या म्हणाल्या, तो वाकत बसेल. ढीग चढत गेला आणि त्या बोलत गेल्या. नाओतोला दुसरं मूल होणार का. लोणच्यात फुसाए पर्सिमनच्या फळाची साल घालायची की नाही. सायतामाला जाणार म्हणतात ते खरं का. मी माहीत नाही म्हणालो, घालायची म्हणालो, नाही म्हणालो. चाळीसेक मिनिटं गेली असावीत. मार्चनंतर पहिल्यांदाच कुणी खालून विचारत होतं आणि मी वरून उत्तर देत होतो. ढीग पायांना लागला तरी मी आणखी दोन प्रश्न होईपर्यंत लागला नाही असंच सांगितलं. हे फक्त तुला लिहितो.

खाली उतरल्यावर त्यांनी बुजगावण्याचा रुमाल सोडला, घडी घालून माझ्या हातात दिला, आणि फावडं खांद्यावर टाकून गेल्या.

तर सारांश असा की दोरी होती, गाठ होती, मीठ टाकलं नाही, आणि कुणाला इजा नाही. गमबूट कियोवहिनींच्या तळ्याच्या जाळीत सापडला. गुडघ्यांना शेक देत जा. भाच्यांना, जावयांना आशीर्वाद.

तुझा,
शिगे

ता. क. नाओतोचा शनिवारी तुला फोन येईल. त्याला सांग की ती बाई खरी आहे. उंच आहे, जरा गर्विष्ठ आहे, पण भरवशाची आहे. तू आजवर कधी खोटं बोलली नाहीस, म्हणून तुझं खपेल.

ता. क. २. ते जमत नसेल तर एवढं तरी सांग की मी पत्रात काहीच मागितलं नाही. सायतामाची खोली मी पाहिली आहे. चांगली आहे. ऊबदार आहे. सातव्या मजल्यावर आहे. खालून कुणी काही विचारलं तरी ऐकू येणार नाही.

ता. क. ३. सकाळ झाली, पाकीट अजून उघडंच आहे. वरचं खोटं सांगू नकोस, गरज नाही. रात्रीतून दीड हात पडला. साडेसहाला मी शिडी बाहेर काढली तेव्हा कियोवहिनी अंगणात उभ्या होत्या. म्हणाल्या, "आज आधी माझं छप्पर." बारा वाजेपर्यंत दोन्ही झाली.