टपावरची तुळई

६ मे १९६७, एरंडोल
सकाळी शाळेत निकालपत्रकं पुरी केली. दुपारी पिंपळनेरच्या लाकडाच्या वखारीतून निरोप: नानांनी निवडलेली सागाची तुळई तयार, आठ दिवसांत उचला. वडिलांना, म्हणजे नानांना, जाऊन एक महिना नऊ दिवस झाले. घराच्या भिंती उभ्या, वर आभाळ. ट्रकवाले एका लाकडासाठी येत नाहीत. विचारून झालं.

९ मे
टॅक्सीवाल्या दगडूभाऊकडे गेलो. "सोळा फूट? मन्ही गाडी चौदा शे, मास्तर." नाही म्हणाला, आणि लगेच टेप काढून टप मोजायला लागला. पुढे एक फूट, मागे एक फूट. बठ्ठा भार मधमा, म्हणजे सगळा मध्ये. शेपटाला लाल फडकं.
सुखलाल आबा सुतार: "टोकाला चीर पडू देऊ नको. बोटभर आत गेली तर ती तुळई नाही, फळ्या." ताजं लाकूड टोकाकडूनच का फाटतं, मधून का नाही? आबांनी काडी मोडून दाखवलं. अर्धंच कळलं. टोकांना ओलं कापड गुंडाळायचं.
आईने नानांची तीन धोतरं काढून दिली.

१२ मे
आणली. क्रमाने लिहितो.
वखारीत लगेच ओळखली. टोकाला गेरूचा गोल, आत टिंब. नाना कापसाच्या पोत्यांवर करत तसा. चौघांनी टपावर चढवली, खाली गोधडी. दगडूभाऊ चहाला गेला. मला वाटलं, नुसती टोकंच का? तिन्ही धोतरं भिजवून अख्खी गुंडाळली. दोरही भिजवले, गाठी घट्ट बसाव्यात म्हणून.
तो आला. "दोर कसाले भिजाडात? ऊन लागू द्या, मग दखा."
दिसलं. साक्रीच्या पुढे वळणावर ब्रेक लागला आणि तुळई हातभर पुढे सरकली, टोक बंपरच्या आणखी पुढे गेलं. उतरून पाहिलं तर वाळलेला दोर चार बोटं ढिला. भिजल्यावर आखडतो आणि वाळल्यावर सैल होतो, हे मला कसं माहीत नाही? मुलांना विज्ञान शिकवतो. पुन्हा कोरडे बांधले, पुढचं टोक बंपरला. त्यानंतर दर दहा मैलांवर थांबून गाठी पाहिल्या, धोतरांवर पाणी मारलं.
एक सायकलवाला खाली उतरून हात जोडून उभा राहिला. मग शेतातल्या दोन बायका. मला उलगडा होईना. धुळ्यात चौकातल्या पोलिसाने बाकीच्या गाड्या अडवून आम्हाला वाट दिली.
दगडूभाऊ: "आज मन्ही गाडीले बठ्ठा लोके हात जोडी ऱ्हायनात. टपवर कोन शे असं वाटस त्यासले?"
तेव्हा कळलं. पांढऱ्यात गुंडाळलेलं, दोरांनी बांधलेलं.
पारोळ्याला पाणी घ्यायला थांबलो. एका म्हाताऱ्याने चपला काढल्या. "कोन गयं, भाऊ?"
मी म्हणालो, "नाना."
"वय काय व्हतं?"
"एकसष्ट."
गाव मागे पडल्यावर दगडूभाऊ म्हणाला, "धोतर काढी टाकू का?"
"राहू दे. ऊन आहे."

१३ मे
सोडली. एक टोक स्वच्छ. गेरूच्या टोकाला चीर, केसाएवढी. सरकल्यामुळे, की वखारीतच होती? मी तिथे नीट पाहिलं नव्हतं. आबांनी झाडूची काडी घालून पाहिली. "नखाइतकी आत जाते. आठ दिवसांनी सांगतो." दोन्ही टोकांना शेण लिंपलं.
लिंपण्याआधी आईने नानांच्या गोलावरून बोट फिरवलं. "हाऊ त्यासनाच हात शे."
आबांना विचारलं, फळ्याच झाल्या तर गोल कापला जाईल का? "पहिला तोच."

१४ मे
चीर तुळईच्या बाजूवर, शेणाबाहेर, कुठवर दिसते तिथे पेन्सिलने रेघ मारली होती. तिथेच आहे.
दगडूभाऊ भेटला. "नानानी तब्येत कशी शे?" दोघंही हसलो. बऱ्याच दिवसांनी.

१७ मे
चीर रेघेवर. किंवा किंचित पुढे. पेन्सिलीचं टोक बोथट होतं, नक्की सांगता येत नाही. आईला काही बोललो नाही. अजून चार दिवस.
संध्याकाळी धोतरं धुतली. एकाचा गेरू निघाला नाही. अंगणातली दोरी वाळून सैल पडली होती. सोडली, चार बोटं ओढून पुन्हा बांधली, आणि तिन्ही वाळत घातली.