सात नंबरची डबी

प्रिय विशाखा,

पुण्याहून तुझा अहवाल शुद्धलेखन तपासायला आला. चार पानांत अकरा चुका. संस्कृत शिकवून पोट भरणाऱ्याची लेक ‘आर्द्रता’ तीन तऱ्हांनी लिहिते आणि तीच आर्द्रता बिनचूक मोजते, याला काय म्हणावं?

तरी लासूर स्टेशनच्या कांदाचाळीतली ती दुपार मी तीनदा वाचली. बारा बिनतारी डब्यांचं जाळं. प्रत्येकीनं आपल्याजवळची उष्णता नि ओल मोजायची, शेजारणीला कळवायची, तिनं पुढं. मी तेव्हा विचारलं होतं, एखाद्या डबीला कुणी खोटं बोलायला लावलं तर? तू म्हणालीस, “बाबा, खरा धोका तोच. म्हणून एकटीचं ऐकायचंच नाही, शेजारणींची साक्ष काढायची.” आमच्या न्यायशास्त्रात आप्तवाक्यही प्रमाण; विश्वासू माणसानं सांगितलं की संपलं. तुझ्या जाळ्यात ती सोय नाही, म्हणून मी तुला मनातल्या मनात नापास केलं होतं.

मग कांदा सोसायटीच्या संचालकांसमोरची चाचणी. ऑफिसातल्या भिंतीवर तू नकाशा दाखवत होतीस आणि सात नंबरची डबी लाल झाली. शेजारणी म्हणतात ओल तीस टक्के, ही म्हणते सत्त्याण्णव. ऐन मे महिन्यात! जाळ्यानं तिला वर्गाबाहेर उभं केलं आणि बाकीच्या अकराजणींचा पाठ चालूच. सगळे चाळीत आले, डबी ओली दिसली, तेव्हा अध्यक्षा कडूबाई म्हणाल्या, “पोरी, तुह्या डब्या माणसायपरीस शहाण्या हायेत. एकीनं सांगितलं म्हून इस्वास ठेवत नायत.” सगळ्या चाळींचं काम तुला तिथंच मिळालं. परतताना एसटीत शेजारच्या गृहस्थांना मी तुझं इतकं कौतुक ऐकवलं की ते बिचारे आपल्या गावाआधीच उतरले असावेत.

आता चौथं पान. ‘चाळीची किल्ली राखणदार युसूफ यांच्याकडे असल्याने डबीवर पाणी टाकण्याचे कृत्य त्यांचेच असावे.’ या एका वाक्यावर सोमवारच्या सभेत त्यांना कामावरून काढायचा ठराव येतोय. कडूबाईंनीच सांगितलं. बारा डब्यांना लावलास तो नियम या एका माणसाला लावला नाहीस, विशाखा. कुणाची साक्ष काढलीस?

माझी काढायला हवी होतीस. तू ऑफिसात असताना मला चाळीत लक्ष ठेवायला थांबवलंस. सातव्या डबीवर उष्णतेचा आकडा एकेचाळीस, इतरांवर छत्तीस. पत्र्याखालचा कोपरा जास्त तापणारच, हे सुचलं नाही. वाटलं, पोरीचं यंत्र चारचौघांत चुकतंय. मी माझा पंचा भिजवून तिच्यावर घातला. ताप आला की कपाळावर ओली पट्टी ठेवतात, एवढंच माझं विज्ञान. युसूफभाईंनी पाहिलं. लोक येताना दिसले तेव्हा पंचा त्यांनीच माझ्या पिशवीत कोंबला, आणि विचारलं तेव्हा गप्प राहिले. काल भेटायला गेलो तर म्हणतात, “जाने दो सर, बेटी का काम हो गया ना, बस.” तीस वर्षं पोरांकडून सत्यावरची सुभाषितं पाठ करून घेतली, आणि त्या दिवशी टाळ्यांपुढं माझं तोंड उघडलं नाही.

सोमवारी सभेत मी उभा राहून सांगणार आहे. त्याआधी ते वाक्य खोडून तिथं माझं नाव घाल; पूर्ण नाव, हुद्द्यासकट. मग दोघं मिळून युसूफभाईंच्या घरी जाऊ, माफी दोघांनीही मागायची आहे. बाप म्हणून मला सूट देऊ नकोस. तुझ्या जाळ्यानं ती दिली नाही, आणि खरं सांगू, तेव्हापासून जितकी लाज वाटते तितकीच छाती फुगवूनही फिरतोय.

तुझाच पकडला गेलेला,
बाबा