कुंकू लावलेल्या यंत्राच्या फेरतपासणीबाबत

प्रति,
मा. चौकशी अधिकारी साहेब,
कारखाना अपघात चौकशी कार्यालय, बुलढाणा.

विषय : उष्णता मोजणारे यंत्र पूजा करून पुन्हा तपासण्याबाबत.
संदर्भ : प्रकरण निकाली काढल्याचे आपले पत्र.
अर्जदार : झुंबरबाई मोतीराम वेरुळकर, रा. नांदुरा.

महोदय,

अर्जदाराचा नवरा मोतीराम नांदुऱ्याच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गंज्या राखत असे. ओला कापूस आतून तापतो, म्हणून तो गंजीत खांद्यापर्यंत हात खुपसून पाहायचा. गेल्या हंगामात लांबूनच उष्णता सांगणारे यंत्र आले आणि मॅनेजर साहेबांनी हात घालण्यास मनाई केली. याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही; यंत्र चांगलेच होते.

दसऱ्याला साहेबांनी सगळ्या यंत्रांची पूजा केली. कुंकू अर्जदाराच्याच करंड्यातले. या यंत्राला समोर नुसता काचेचा डोळा. साहेबांनी गंधात कुंकू कालवून तिथेच ठसठशीत टिळा लावला. मोतीराम म्हणाला, "साहेब, डोळ्याले काऊन लावता? त्याले दिसन कसं?" साहेब हसले. देवाचा टिळा पुसायला पुढे कोणी धजले नाही.

तेव्हापासून यंत्राला प्रत्येक गंजी थंड दिसू लागली. दिवाळीनंतर एका गंजीला करपट वास आला. साहेबांनी यंत्र रोखले : थंड. मोतीरामला राहवले नाही. तो वर चढला, हात घातला, आणि गंजी भडकून त्याला घेऊनच खचली.

मग साहेबांनी यंत्र लख्ख पुसून पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवले. तिथे लेसरचा मोजूनमापून प्रकाश त्याच्या डोळ्यावर सोडला आणि यंत्र निर्दोष ठरले. पुसल्यावर ते ठरणारच! त्यावरून आपण लिहिता की गंजी थंड होती, सबब आग मयताच्या विडीने लागली. महोदय, मोतीरामने जन्मात विडी ओढली नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात हे अर्जदार ऐकून होती. इथे तर संन्यासी आधीच जळालेला आहे. आता नळावर बाया म्हणतात, "ते पाह्य, विडीवाल्याची बायको." हे अर्जदाराला सोसवत नाही.

तरी मोतीरामचे नाव धुऊन निघावे म्हणून विनंती की, यंत्र पुन्हा पुण्यास पाठवावे. मात्र लेसरपुढे धरण्याआधी साहेबांनी त्याच हाताने, तिथेच, तसाच टिळा लावावा. प्रयोगशाळेत कुंकू नसेल, म्हणून सोबत दिले आहे.

आपली, नाइलाजाने नम्र,
झुंबरबाई मोतीराम वेरुळकर
(डाव्या हाताचा अंगठा)
नांदुरा, १२ फेब्रुवारी १९७९

सोबत : कुंकवाचा करंडा, एक. काम झाल्यावर परत पाठवू नये. अर्जदारास आता लागत नाही.